क्वीअर ख्रिस्ती कला आणि बडोदा

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसांचे जगणे ख्रिस्ती कथा, संत व प्रतिमा यांच्या भाषेत मांडणाऱ्या कलेला क्वीअर ख्रिस्ती कला म्हणतात. ती करणारे सगळेच श्रद्धावंत नसतात. काहींची चर्चशी केव्हाच फारकत झालेली असते, तरी जखमी देह आणि गावाबाहेर काढलेला माणूस रंगवायचा म्हटला की तेही त्याच गोष्टींकडे वळतात.

या कलेतला सर्वांत लाडका संत म्हणजे सेबॅस्टियन. तिसऱ्या शतकातला हा रोमन सैनिक श्रद्धेपायी बाणांचे लक्ष्य झाला. इटालियन चित्रकार ग्विदो रेनी याने १६१५च्या सुमारास रंगवलेला सेबॅस्टियन पाहावा: हात डोक्यावर बांधलेले, नजर आभाळाकडे, अंगात मोजकेच बाण, रक्त जवळपास नाहीच. हौतात्म्याचे चित्र इतके देखणे असावे का, हा प्रश्न भाविकांनाही पडला असणार. समलिंगी संबंधांवरून तुरुंगात गेलेल्या ऑस्कर वाइल्ड या लेखकाने १८९७मध्ये सुटल्यावर टोपणनावासाठी हाच संत निवडला. कथेचा उत्तरार्ध मात्र चित्रकारांनी मागे ठेवला. बाणांनी तो मेलाच नाही. आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा केली, तो पुन्हा सम्राटासमोर उभा राहिला आणि मग त्याला सोट्यांनी मारले. युरोपात प्लेगच्या साथीत लोक त्याचा धावा करत. त्यामुळे एड्सच्या काळात तो चित्रांत परतला, याचे नवल नाही. एड्सनेच गेलेला अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग याने १९९०मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, ख्रिस्तजीवनाचे तीन फळ्यांचे वेदीचित्र ओल्या मातीत थेट सुरीने कोरले. त्याची ब्राँझमधली एक प्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये आहे.

शास्त्राचा आधार शोधणारे बायबलमधला, जिवलग मित्र योनाथानासाठी दाविदाने केलेला विलाप काढतात. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या ५६व्या अध्यायातल्या षंढाला देव सांगतो, स्वतःला वाळके झाड म्हणू नकोस. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात तर असाच एक षंढ हबशी अधिकारी रथातून उतरून बाप्तिस्मा घेतो. चर्चेस यावर एकमताची नाहीत. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या खटल्यात काही ख्रिस्ती संघटना ते कलम टिकावे म्हणून उभ्या होत्या, तर काही ख्रिस्ती मंडळींनी ते संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या २०१८च्या निकालाचे स्वागत केले.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेल्या वाचकाला यातले थोडे ओळखीचे वाटेल. ज्ञानदेवांच्या विराण्यांत पुरुष कवी विरहिणीच्या तोंडून बोलतो, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तालाच माउली म्हणून हाक मारली. हे समलिंगी काव्य नव्हे, तसे ओढून ताणून म्हणूही नये. पण भक्तीत लिंगाची चौकट हलते, एवढे त्यातून दिसते.

बडोद्यात हा विषय आला तो महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून. १९५०मध्ये सुरू झालेल्या या शाखेत इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवत. इथे क्रूस रंगवणे किती नाजूक आहे ते मे २००७मध्ये कळले. परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून हिंदू व ख्रिस्ती भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याची बाजू घेणारे अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. त्या चित्रांचा समलिंगी विषयाशी संबंध नव्हता, पण धडा सगळ्यांनीच घेतला.

याच शहरात चित्रकार भूपेन खख्खर (१९३४–२००३) राहिले. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२मध्ये मुंबईहून आले, कारखान्याचे हिशेब सांभाळत चित्रे काढू लागले. ते ख्रिस्ती नव्हते. पण इटलीतल्या सिएना शहरातली चौदाव्या शतकातली चर्चची चित्रे त्यांच्या आवडीची होती. एकाच फळीवर तोच संत इथे प्रवासाला निघालेला, तिथे प्रार्थनेत, पलीकडे मरणशय्येवर, अशी ती रीत. १९८१च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये ती खख्खरांनी उचलली. सज्जात एक नागडा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. समोर गावात बाप, मुलगा आणि गाढव पुन्हापुन्हा दिसतात: कधी कोण गाढवावर, कधी कोण पायी, लोक काही ना काही बोलतातच. समलिंगी असल्याची ही त्यांची जाहीर कबुली मानली जाते, आणि ती संतचरित्राच्या मांडणीत आली आहे. पावणेदोन मीटरचे हे चौकोनी चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. बडोद्यात ते पुस्तकातच पाहावे लागते.