उंदराचा पाय सुजला म्हणजे आमवात झाला का?

शल्लकीच्या, म्हणजे साळईच्या डिंकाच्या, गोळ्यांवर किंवा निर्गुडीच्या तेलाच्या जाहिरातीत ‘प्राण्यांवरील चाचणीत आमवातावर गुणकारी’ असं दिसलं, की मी आधी विचारतो: कोणत्या चाचणीत? आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस; यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन चाचण्यांची इथे कायम गल्लत होते. दोन्हींत उंदराच्या मागच्या पंजात इंजेक्शन देतात, पंजा सुजतो, आणि तो द्रवात बुडवून किती द्रव वर सरकला यावरून सूज मोजतात. फोटो शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही.

पहिली कॅराजीननची. हा लाल समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. त्याचं १ टक्क्याचं द्रावण, ०.१ मिलिलिटर, तळव्यात टोचायचं. औषध बहुधा त्याआधीच पाजलेलं असतं. तीन ते पाच तासांत सूज शिगेला पोचते आणि संध्याकाळी निकाल हातात. स्वस्त आणि झटपट, म्हणून १९६२ पासून हिचा इतका सुळसुळाट. पण यात सांधा झिजत नाही, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटत नाही. वनस्पती तात्पुरती सूज उतरवते, एवढंच कळतं. मुरगळलेल्या पायाला तेवढं पुरेल. आमवाताचं नाव घ्यायला नाही.

दुसरी फ्रॉइंड या शास्त्रज्ञाच्या ॲडज्युव्हंटची, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या मिश्रणाची. मारलेले मायकोबॅक्टेरियम, म्हणजे क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, खनिज तेलात घोटून टोचतात. उंदरांना यातून संधिवात होतो, हे संशोधक कार्ल पिअर्सन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. टोचलेला पंजा सुजणारच, त्यात नवल नाही. खरी गोष्ट साधारण १० ते १४ दिवसांनी घडते: ज्याला सुई लागलीच नाही तो पायही सुजतो. आता टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कामाला लागलेल्या असतात, पुढे हाड कुरतडलं जातं आणि ते एक्स-रेत दिसतं. म्हणून शोधनिबंध हाती आला की मी थेट दुसऱ्या पायाचे आकडे शोधतो. ते नसतील, तर महिनाभर चाललेला प्रयोगही जवळजवळ वाया.

आणखी एक मेख म्हणजे औषध कधी सुरू केलं. पहिल्या दिवसापासून दिलं तर तो प्रतिबंध झाला. दवाखान्यात येणाऱ्या बाईची बोटं आधीच सुजलेली असतात; तिच्यासाठी रोग जडल्यानंतर दिलेल्या मात्रेचाच निकाल कामाचा.

आपल्या सातपुड्यातल्या साळईचा डिंक, म्हणजेच शल्लकी, दोन्ही चाचण्यांत उतरलेला आहे. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये त्याच्या अर्काचे निकाल छापले: कॅराजीननची सूज कमी, ॲडज्युव्हंटचा संधिवातही कमी, जठरात व्रण नाहीत. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं?

पण ॲडज्युव्हंटचा उंदीर म्हणजे आमवाताचा रुग्ण नव्हे. त्याचा आजार काही आठवड्यांत आपोआप ओसरू लागतो, माणसाचा वर्षानुवर्षं चालतो. शिवाय इंडोमेथॅसिनसारखी साधी सूजनाशकं उंदराचं हाडही वाचवतात. माणसात ती दुखणं कमी करतात, झीज थांबवत नाहीत. १९९८ मध्ये जर्मनीत याच डिंकाच्या अर्काची दुहेरी-अंध चाचणी (कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं) प्रसिद्ध झाली. आमवाताच्या रुग्णांची चालू औषधं तशीच ठेवून काहींना अर्क, काहींना नकली गोळी दिली होती. ज्या ३७ जणांची माहिती तपासता आली, त्यांच्यात दोन्ही गटांमध्ये नोंद घ्यावा असा फरक आढळला नाही.