साखर आहे म्हणून इम्प्लांट नाहीच?

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांकडून हमखास ऐकू येणारा एक समज असा, की मधुमेह असला किंवा साठी उलटली की इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ) टिकत नाही, तेव्हा मुकाट्याने ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) बसवून घ्यावा. हा समज अर्धवट आहे. १९६५ मध्ये स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट प्रथम बसवले. ते हाडाशी एकजीव होते, आणि साखर आटोक्यात असेल तर मधुमेही माणसातही होते. निव्वळ वय आड येत नाही. खरी अडचण अनियंत्रित साखरेची, तंबाखूची आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांची असते. ही औषधे चालू असल्यास दंतवैद्यांना आधीच सांगावे.

ब्रिज निरुपद्रवी असतो, हेही तितकेसे खरे नाही. पडलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंचे दात, धडधाकट असले तरी, कॅप बसावी म्हणून चहूबाजूंनी घासून खुंटासारखे करावे लागतात, आणि घासलेले इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, पुन्हा येत नाही. शिवाय मधल्या कृत्रिम दाताखालचे हाड हळूहळू झिजत जाते. मात्र शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, किंवा इम्प्लांटसाठी बहुधा लागणारे ३ ते ६ महिने थांबणे शक्य नसेल (घरचे लग्न तोंडावर आले की हे फार आठवते), तर ब्रिज अधिक सोयीचा ठरतो.