ससाणा घारीचा भाऊबंद नव्हे
कोल्हापुरात रंकाळ्यावर घिरट्या घालणारी घार आणि क्वचित दिसणारा ससाणा हे सख्खे भाऊबंद आहेत, हा जुना समज चुकीचा आहे. बाकदार चोच व तीक्ष्ण नख्या पाहून शास्त्रज्ञांनीही पूर्वी दोघांना एकाच गणात बसवले होते, त्यामुळे दोष केवळ सामान्य निरीक्षकाचा नाही. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासात ससाण्याचे जवळचे नातलग पोपट आणि चिमणीवर्गीय पक्षी ठरले. घार मात्र गरुडांच्याच कुळात राहिली. नीट पाहिल्यास ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखा कंगोरा दिसतो, ज्याने तो भक्ष्याची मान मोडतो. शिवाय घार काटक्यांचे घरटे स्वतः बांधते, तर ससाणा कड्याच्या कपारीत किंवा इतरांच्या जुन्या घरट्यात (आयतेच म्हणा ना) अंडी घालतो.