मांडवातला बेस आणि ५० हर्ट्झची घुरघुर

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, आणि ती बेस गिटारच्या आवाजात शिरली की जी घुरघुर ऐकू येते तिला ‘हम’ म्हणतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या आडव्या धातूच्या कांबीशी, दाबून छेडली की निघणारा जी हा सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४९ कंपनांचा असतो. दोघांत अंतर जेमतेम एका कंपनाचं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथली घुरघुर बी-फ्लॅट आणि बी या सुरांच्या मध्ये कुठेतरी लटकते. आपल्याकडे मात्र ती जीच्या मांडीला मांडी लावून बसते. लांबवलेला जी सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात साउंडवाला ‘बेसला हम येतोय’ म्हणून ओरडतो, तेव्हा भांडण बहुतेक या शेजाऱ्याशी असतं. त्याच्या जोडीला १०० आणि १५० हर्ट्झची भावंडंही असतातच.

हम आत शिरतो तो पिकअपमधून. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच पिकअप. चुंबकामुळे गिटारची पोलादी तारही चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेच्या नियमानं वेढ्यांत वीज उमटते. पण क्षेत्र तारेनं बदललं की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरनं, हे वेढ्यांना कसं कळणार?

म्हणून बेस उघडणारा पहिला उद्योग करतो तो आतली पोकळी तांब्याच्या पट्टीनं मढवण्याचा. काम चांगलंच, पण त्याची मर्यादा ओळखावी. जमिनीला जोडलेली पातळ तांब्याची पट्टी विद्युत क्षेत्र अडवते. डिमरची चरचर आणि ट्यूबलाइटची किरकिर त्यामुळे बरीच कमी होते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र तिच्यातून बिनदिक्कत आरपार जातं. त्यावर इलाज वेढ्यांतच करावा लागतो. अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस आला १९५१ मध्ये. १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे झाले, प्रत्येकाकडे दोन तारा. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकाचं तोंडही उलट. तारेचा संकेत दोनदा उलटून सुलट होतो. बाहेरून आलेला हम एकदाच उलटतो, म्हणून दोन्हीकडचा हम एकमेकाला खाऊन टाकतो. त्यामुळे हमनं हैराण झालेल्या सिंगल कॉइलवाल्याला, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप असणाऱ्याला, माझा सल्ला पट्टीआधी पिकअप बदलण्याचा.

तारांवर हात ठेवला की खरखर कमी होते, हे प्रत्येकानं अनुभवलेलं असतं. ब्रिजखालून, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या भागाखालून, एक वायर आत जाऊन अर्थला जोडलेली असते. वाजवणाऱ्याचं शरीर हम गोळा करत असतं, ते तारांना टेकलं की शांत होतं. पण याच वायरमुळे तारा अॅम्पच्या अर्थिंगच्या भरवशावर असतात. मांडवात अर्थिंग नीट नसेल आणि गाता गाता ओठ माइकला लागला, तर झटका जीवघेणा ठरू शकतो. माइकची जाळी आणि तारा यांच्यामध्ये मल्टिमीटर एसीवर लावून आधी बघावं. हम घालवायला प्लगची अर्थची जाड पिन तोडणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नये.

आता टोनच्या खुंटीला जोडलेला कपॅसिटर. बहुतेक पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, बेसमध्ये त्यावर ४७३ छापलेलं असतं: ४७ आणि पुढे तीन शून्यं, म्हणजे ४७,००० पिकोफॅरड, अर्थात ०.०४७ मायक्रोफॅरड. पिकअपचं इंडक्टन्स ४ हेन्री धरू. टोन पूर्ण उघडा असताना त्याच्यासमोर असते ती मुख्यतः केबलची धारकता, समजा ५०० पिकोफॅरड. त्या जोडीचा अनुनाद साधारण ३,५०० हर्ट्झला येतो, बोटांची टकटक खुलते ती तिथं. टोन बंद केला की कपॅसिटर मध्ये पडतो आणि हाच बिंदू घसरून ३७० च्या आसपास येतो, त्यावरचं सगळं विरत जातं. ०.०२२ बसवला तर बिंदू ५४० जवळ थांबतो आणि बंद टोनवरही सूर कळतात. ०.१ बसवला तर २५० वर, रेगे संगीतासारखा गुबगुबीत आवाज. सोल्डरिंगचं जुजबी काम आणि काही रुपये, एवढ्यात आवाजाचा स्वभाव बदलतो. ‘व्हिंटेज’ म्हणून हजारांना विकले जाणारे तेलकागदी कपॅसिटर? मायक्रोफॅरडचा आकडा तोच असेल आणि गळती नसेल, तर या जागी कानाला फरक कळणं अवघड. माझ्या मते तो पैसा तारांवर घालावा.

पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या खुंटीखालचा बदलता रोध, बदलताना त्यावरचं अक्षर बघा. ए२५० म्हणजे लॉग, बी२५० म्हणजे लिनियर. लिनियर पॉट व्हॉल्यूमला लावला तर अर्ध्यापर्यंत आणूनही आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटच्या टोकाला धाडकन बुडतो.

हार्डवेअरचं थोडक्यात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळी नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा बसवायची खाचांची पट्टी, कुणीही करून देईल, पण त्याचा परिणाम फक्त मोकळ्या तारेवर. तार फ्रेटवर दाबली की नट खेळाबाहेर. ब्रिजवर तार जिथे टेकते तो सॅडल मागेपुढे करणं जास्त मोलाचं. जाड तार ताठ असते, म्हणून तिचा सॅडल इतरांपेक्षा मागे लागतो, नाहीतर बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं आणि मान हलते, त्यामुळे हे मोजमाप जूनच्या आधी केलं असेल तर पाऊस ओसरल्यावर पुन्हा करा.

अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, प्रीअॅम्प बेसमध्ये बसवणार असाल तर केबल खुपसायचा जॅक स्टिरिओ घ्यावा लागतो. केबल खुपसल्यावर त्याचा मधला पत्रा अर्थला टेकतो आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचं मंडल पूर्ण होतं. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवली, तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते.