सूक्ष्मशैवालांची शेती: कापडात अडकणारं आणि निसटणारं हिरवं

शेवाळापासून अन्न, रंग, इंधन अशा बातम्या आल्या की हे काल-परवाचं विज्ञान वाटतं. पण १६ व्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोचले, तेव्हा टेक्सकोको सरोवरावरची हिरवट साय बारीक जाळ्यांनी काढून, उन्हात वाळवून तिथले लोक खात होते. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेम्बू बायका हिरवं पाणी वाळूतल्या खळग्यात ओततात आणि पाणी मुरल्यावर वर उरलेला थर वाळवून त्याच्या वड्या पाडतात. ही वडी म्हणजे 'दिहे', आपली स्पिरुलिना, म्हणजे पाण्यात वाढणारं एक सूक्ष्मशैवाल.

एवढ्या साध्या साधनांनी हे जमलं, कारण स्पिरुलिना हा मळसूत्रासारख्या पिळाचा लांब तंतू असतो, तो कापडात अडकतो. शिवाय ती वाढते त्या क्षारयुक्त पाण्यात इतर जीव फारसे तग धरत नाहीत, त्यामुळे तण आपोआप कमी.

प्रयोगशाळेनं मात्र क्लोरेला ही एकपेशी हिरवी शैवाल-जात निवडली. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८९० मध्ये तिचं शुद्ध संवर्धन केलं, म्हणजे इतर जीव न मिसळता ती वाढवली. जर्मन शास्त्रज्ञ वॉरबुर्ग यांनी १९१९ पासून तिच्यावर प्रकाशसंश्लेषण अभ्यासलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाला प्रथिनं कुठून पुरवायची ही चिंता होती, आणि १९५१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात क्लोरेला वाढवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. क्लोरेला वाढली, पण परवडली नाही. दाट झालेल्या टाकीत मनगटापर्यंत हात बुडवला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. वरच्या पेशी सगळा उजेड खातात आणि खालच्या अंधारात राहतात. उघड्या तळ्यात लिटरमागे कोरडा माल जेमतेम अर्धा-एक ग्रॅम, आणि काही मायक्रॉनची ती गोल पेशी कापडातून सरळ निसटते. मग यंत्रानं घुसळून पाणी वेगळं करा, वीज जाळा.

पुढे तेलटंचाईच्या काळात, १९७८ मध्ये, अमेरिकी सरकारनं शैवालापासून इंधन काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. सुमारे ३,००० वाण गोळा केले आणि १९९६ मध्ये तो गुंडाळला. माझ्या मते हे अपयश नव्हतं. स्वस्त माल मोठ्या प्रमाणात काढण्याचा हिशेब या जिवाशी जुळत नाही, हे त्यातून कळलं.

जुळला तो थोडक्या, मोलाच्या मालाचा हिशेब. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि इस्रायलमध्ये ड्युनॅलिएला या सूक्ष्मशैवालापासून बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य निघू लागलं. तिथंही कडक खारं पाणीच राखण करतं. हेमॅटोकॉकस या दुसऱ्या शैवालापासून अॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य आलं, स्पिरुलिनापासून फायकोसायनिन हा निळा रंग. भातखाचरातले नीलहरित जीव (सायनोबॅक्टेरिया) हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात, हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं. त्यासाठी तर पीक गोळाही करावं लागत नाही.

१९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाचा तो पहिलाच. तीन वर्षांनी दुसऱ्या एका सायनोबॅक्टेरियात मद्यार्क बनवणाऱ्या जीवाणूची दोन जनुकं घातली गेली. इथेनॉल फार थोडं निघालं, पण ते पेशीबाहेर, पाण्यात उतरलं. पेशी गाळून काढायची गरजच उरली नाही.