डिलॉस की डेल्फी? देव एकच, पण बोट एकीकडेच जाते

ग्रीसच्या सिक्लाडीज बेटांतून शिडाच्या बोटीने फिरायचा बेत ठरला की कुणीतरी विचारतंच, "ते भविष्य सांगणारं बेट कुठल्या दिवशी लागेल?" कुठल्याच दिवशी नाही. भविष्य सांगणारं ते डेल्फी, आणि ते पार्नासस डोंगराच्या उतारावर, मुख्य भूमीवर आहे. बेट आहे ते डिलॉस. नावं जवळची, दोन्हीकडे दैवत अपोलो, त्यामुळे गल्लत होते.

डिलॉस ही अपोलोची जन्मभूमी. देवराज झ्यूसची पत्नी हेरा, तिच्या धाकाने अपोलोच्या गरोदर आईला, लेटोला, कुणी थारा देईना, तेव्हा या खडकाळ बेटाने दिला, अशी कथा आहे. डेल्फीत अपोलोने पायथन नावाचा सर्प मारून ठाणं मांडलं. तिथे पिथिया ही पुजारीण त्याच्या वतीने कौल द्यायची. वसाहत कुठे वसवावी, युद्ध करावं की नाही, अशा प्रश्नांवर राज्यंच्या राज्यं कौल लावायला येत.

डिलॉस जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, पण इतिहास अफाट. इ. स. पू. ४२६ च्या सुमारास अथेन्सने तिथली थडगी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवली आणि फर्मान काढलं: या बेटावर यापुढे कुणी जन्मायचं नाही, मरायचंही नाही. देव जिथे जन्मला तिथेच बाळंतपणाला बंदी! पुढे रोमने ते करमुक्त बंदर केलं. धूप-अत्तरं, धान्य आणि माणसं, सगळ्याचा बाजार भरू लागला. गुलामांच्या विक्रीसाठी ते कुप्रसिद्धच होतं. इ. स. पू. ८८ आणि ६९ मधल्या हल्ल्यांनी ती भरभराट संपवली. आजही पर्यटकाला तिथे रात्री राहता येत नाही. शेजारच्या मिकोनोस बेटाहून सकाळी जायचं आणि परतायचं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्टेमी वारा पिसाळला तर तेही हुकतं, म्हणून एक दिवस हातचा ठेवावा.

इतिहासाच्या पुस्तकातला 'डिलियन संघ', म्हणजे अथेन्सच्या नेतृत्वाखालचा ग्रीक नगरराज्यांचा संघ, हाही डिलॉसचाच, डेल्फीचा नव्हे. इ. स. पू. ४७८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचा खजिना आधी या बेटावर होता. ४५४ मध्ये तो अथेन्सला नेला.

डेल्फी बघायचंच असेल तर अथेन्सहून सरळ रस्त्याने जा. कोरिंथच्या आखातातल्या इतेया बंदरापर्यंत बोट जाते खरी, पण सिक्लाडीजच्या सहलीत ते बसवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. मात्र आधी बेटं केली असतील तर डेल्फीत ओळखीचं काहीतरी भेटतं. सिक्लाडीजमधल्याच नॅक्सोस बेटाच्या लोकांनी डिलॉसला संगमरवरी सिंहांची रांग वाहिली आणि डेल्फीला स्फिंक्स, तेही दहा मीटरहून उंच खांबावर. डिलॉसच्या वाटेवर उघड्यावर बसलेले सिंह आता प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात हलवलेत. स्फिंक्सही डेल्फीच्या संग्रहालयात आहे, खांबावरून उतरलेला.