बोटीची सफर ठरवताय? पैसे भरण्याआधी एवढं वाचा

आमचं छोटं बुकिंग ऑफिस भुसावळात आहे. गावाला लागून तापी वाहते, पण समुद्र बघायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळे आपल्या खानदेशातल्या माणसाला बोटीचं अप्रूप फार. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकला की ‘भाऊ, कुठंतरी पाण्यावर न्या’ अशी मागणी सुरू होते, आणि कपाशीचे पैसे हाती आले की पुन्हा एकदा. मालवण, गोवा, घारापुरी, केरळ, ओंकारेश्वर, महेश्वर, भेडाघाट अशा ठिकाणच्या बोटी आम्ही ठरवून देतो. बुकिंगच्या वेळी तुम्ही घाईत असता, सगळं तोंडी सांगणं राहून जातं. म्हणून हे पत्रक.

बोटीचं तिकीट एसटीच्या तिकिटासारखं नसतं. एसटी पावसातही सुटते. बोट मात्र वारा, भरती-ओहोटी, धरणातून सोडलेलं पाणी आणि बंदराच्या अधिकाऱ्याचा हुकूम, एवढ्या सगळ्यांची परवानगी मिळाली तर सुटते. सफर रद्द झाली तर पैसे कुणी सोसायचे, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा असतो.

बोट तीन तऱ्हेने हुकते. पहिली तऱ्हा, बोटवाल्यानेच फेरी रद्द केली. तेव्हा पैसे परत मिळतात किंवा पुढची तारीख मिळते. मात्र काही ठिकाणी फक्त तारीखच बदलून देतात, आणि आपल्याला तर दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असते. त्यामुळे ‘तारीख की पैसे?’ हे आम्ही बुकिंगच्या वेळीच विचारून पावतीवर लिहून देतो. दुसरी तऱ्हा, तुम्ही रद्द केलं. घरात कुणी आजारी पडलं, लग्नाची तारीख पुढे-मागे झाली, केळीची कटाई अचानक निघाली, काहीही होतं. इथे प्रत्येक बोटवाल्याचा कापून घ्यायचा हिशोब वेगळा असतो. सफरीचा दिवस जितका जवळ येतो तितकं जास्त कापतात. तिसरी तऱ्हा, तुम्ही उशिरा पोचलात. यात बहुतेक ठिकाणी एक रुपयाही परत येत नाही. आमच्या अनुभवात ग्राहकांचे सगळ्यात जास्त पैसे बुडाले ते याच तिसऱ्या तऱ्हेत.

पाचोऱ्याकडच्या एका कुटुंबाची अकरा माणसं आम्ही गोव्याला पाठवली होती. गाडी दुपारी पोचणार, संध्याकाळी मांडवी नदीतली बोट, असा बेत आम्हीच बसवून दिला. गाडी साडेतीन तास उशिरा धावली. स्टेशनवरून दोन गाड्या करून मंडळी पणजीच्या जेटीवर पोचली तेव्हा बोट सुटली होती आणि तिचे रंगीत दिवे पुलाच्या दिशेने जाताना दिसत होते. काकांनी तिथूनच मला फोन केला. म्हणाले, ‘भाऊ, बोट समोर दिसून राहिली, पण आता हाक मारून काय होतं?’ मागे लहान मुलं रडत असलेली मला ऐकू येत होती. काउंटरवर नियम दाखवला, पैसे परत नाहीत. नियम त्यांच्या बाजूने बरोबर होता. चूक आमची होती, बेत आम्ही आखला होता. त्या अकरा तिकिटांचे पैसे आम्ही परत केले, पण मुलांची ती संध्याकाळ काही परत आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पक्का नियम आहे: लांबची गाडी ज्या दिवशी पोचते त्या दिवशी बोट धरायची नाही. परतीच्या दिवशीही नाही. एक मुक्काम वाढतो, खर्च वाढतो, आणि काही ग्राहक त्यावरून नाराज होतात. तरी आम्ही हा नियम मोडत नाही. पावसाळ्यात तर कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात.

आता हंगाम. कोकणातली प्रवासी वाहतूक साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही त्यात आल्या. आपल्याकडे शाळांना सुट्टी, उन्हाचा कहर, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मागणारे दरवर्षी येतात. त्या तारखेला किल्ला किनाऱ्यावरून बघून परत यावं लागेल, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मालवणला जायचं तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, नाहीतर थेट दिवाळीत. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली तो किल्ला घाईत बघू नये. एक सूचनाही तिथलीच: होडीवाला किल्ल्यावर थांबायला साधारण तासाभराचा वेळ देतो आणि त्याच होडीने परत यायचं असतं. होडीचं नाव लक्षात ठेवा, किंवा मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी मुंबईतलं लग्न आटोपून ‘सोमवारी घारापुरी करून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गेटवेहून तासाभराचा प्रवास आहे. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे बोटीतच वेगळे घेतात. ती फसवणूक नव्हे, तिथली पद्धतच आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांचा विचार आधी करावा. मुंबईहून अलिबागकडे स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट आहे, 2020 पासून. तिथे माणसांचं आणि गाडीचं तिकीट वेगळं असतं.

नर्मदेच्या बाजूला आपल्याला जवळचं पडतं. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा, खलघाट करत धामनोदवरून महेश्वर; भुसावळहून बऱ्हाणपूर, खंडव्यावरून ओंकारेश्वर. महेश्वरला अहिल्यादेवींच्या घाटावरून नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळाकडे नाव जाते. भेडाघाटला जबलपूरची गाडी भुसावळहून सरळ मिळते. इथे आगाऊ ऑनलाइन बुकिंगपेक्षा घाटावरचा भाव जास्त चालतो. म्हणून नावेत पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाव माणशी की पूर्ण नावेचा, फेरी किती वेळाची, आणि मध्ये उतरवणार की नुसतं फिरवून आणणार. भेडाघाटला पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. आणि ओंकारेश्वरला वर धरण आहे, पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की नावाडी काही म्हणो, पाण्याजवळून वर या.

केरळच्या हाउसबोटीबद्दल तक्रारी सगळ्यात जास्त येतात, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ आधी न सांगितलेल्या गोष्टींत असतं. हाउसबोट रात्रभर चालत नाही. साधारण दुपारी बाराला चढायचं, संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट किनाऱ्याला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. सकाळी थोडी फेरी मारून नऊच्या सुमारास उतरायचं. म्हणजे ‘एक दिवस एक रात्र’ असं लिहिलेल्या सफरीत बोट प्रत्यक्ष चालते ती पाच-सहा तास. दुसरं, साध्या दराच्या बोटीत एसी बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहाच चालू असतो. दिवसभर एसी हवा तर दर वेगळा. तिसरं, जेवण बोटीवरच शिजतं आणि मासे ठरलेले असतात. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळी लिहून घ्यावं, ऐनवेळी तिथे भाजी मिळत नाही. शेवभाजी तर नाहीच. आपल्या लोकांनी डब्यात पुऱ्या, दशम्या, तिळाची चटणी नेली तर बोटवाले अडवत नाहीत, फक्त आधी विचारा.

लाइफ जॅकेटबद्दल आम्ही कुणाचं ऐकत नाही. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं गेली. दुपारी चारच्या सुमाराची वेळ होती, समुद्र खवळलेला नव्हता. त्यानंतर तिथे जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट गळ्यात नुसतं अडकवून उपयोग नाही. पुढचे सगळे बंद लावा आणि खांद्यावरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर मूल त्यातून खाली निसटतं, म्हणून बुकिंगच्या वेळी मुलांची वयं आम्हाला सांगा, म्हणजे छोटी जॅकेट आहेत का ते आम्ही आधी विचारू. नऊवारीतल्या आजींनी लाजून जॅकेट काढून ठेवल्याचे फोटो आम्हाला येतात. घरच्यांनी त्यांना समजवावं, साडीवरूनही ते व्यवस्थित बसतं.

बोटीत किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि डोळ्यांनी मोजा. जास्त भरली असेल तर उतरा. आमच्याकडून बुक केलेल्या तिकिटावर तुम्ही गर्दी बघून उतरलात तर पैसे आम्ही देऊ, बोटवाल्याशी आम्ही भांडू. हे पावतीच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे.

आमचा हिशोब असा: बोटवाल्याने रद्द केलं तर आमचं सेवाशुल्कही आम्ही परत करतो. तुम्ही रद्द केलं तर बोटवाला जेवढं कापेल तेवढं जातं, शिवाय आमचं सेवाशुल्क आमच्याकडे राहतं. परत येणारे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातात, कारण एकाने भरून दुसऱ्याच्या खात्यात मागितले की घरात भांडणं होतात, ते आम्ही बघितलंय. परताव्याला कधी आठ दिवस लागतात, कधी वीस. पैसे आमच्याकडे आले की त्याच दिवशी पुढे पाठवतो. आमच्याकडूनच टाळाटाळ झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे बेलाशक तक्रार करा.

बुकिंगला येताना प्रत्येकाच्या आधारची प्रत, मुलांच्या जन्मतारखा, आणि कुणाला दम्याचा, फिट्सचा किंवा बोट लागण्याचा त्रास असेल तर तो लिहून आणा. बोट लागू नये म्हणूनची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून. दिवाळीच्या सुट्टीतल्या मालवणच्या मुक्कामासाठी दसऱ्याआधी या.